शुद्ध करडईवरची जीप

एस. टी.च्या वर्कशॉपातून रुपराव डाखोळे हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला उद्यापासून कुठंही वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रुपरावांनी घड्याळ लावलं, शाल कपाटात गेली, नारळाची त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, चटणी केली, आणि पंधराव्या दिवशी नागपूरच्या मानेवाड्यातल्या त्यांच्या अंगणात एक डिझेल जीप येऊन उभी राहिली. सरकारी लिलावातली. लिलावाच्या यादीत तिचं नाव मोडक्या खुर्च्यांच्याही खाली होतं.

रुपरावांनी तिचं इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. सहा महिन्यांनी जीप चालू लागली. फिटनेसच्या परीक्षेतही पास झाली. त्या दिवशी तिनं धूर गिळून धरला असावा. एरवी ती सुरू झाली की शेजारच्या दिपालीला दोरीवरचे कपडे परत धुवावे लागत.

सुभद्राबाईंचं म्हणणं सरळ होतं. अंगणात दिवसभर ऊन राहतं अशी एकच जागा. तिथं आजवर कुरड्या वाळल्या, सरगुंडे वाळले, मुगवड्या वाळल्या.

"आता तिथं जीप वाळून राहिली," त्या म्हणत. "विकून टाका."

"कोण घेईन तिले?"

"भंगारवाला घेईन. मी विचारून ठेवलं."

हे 'विचारून ठेवलं' रुपरावांना लागलं. वर्कशॉपात एक काळ असा होता, की कुठल्या इंजिनाचं दुखणं कुणालाच सापडेना झालं म्हणजे रुपरावांना बोलवायचे. ते लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचे, टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे, आणि डोळे मिटून सांगायचे, "तिसऱ्या नंबरचा इंजेक्टर." तिसऱ्याच नंबरचा निघायचा. आता शहरात बिजलीच्या बसा आल्या. त्यांना आवाजच नाही. जिला आवाज नाही तिचं दुखतं कुठं, हे कळावं कसं? रुपरावांपाशी कान होता आणि ऐकायला काही उरलं नव्हतं. उरली होती ही एक जीप. ती गेली की घरात ऐकण्यासारखं फक्त ते घड्याळ.

तेव्हा रुपराव म्हणाले, "डिझेलचाच खर्च दिसते न तुले? मी हिले फुकटच्या तेलावर चालवतो. तळून उरलेल्या."

सुभद्राबाई हसल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याच्या बोलण्यावर इतकी मनापासून हसते, हे सुखी संसाराचं लक्षण आहे.

पण रुपराव थट्टा करत नव्हते. नोकरीत असताना एकदा वरून कागद आला होता, की बायोडिझेलचा विचार व्हावा. कागद फायलीत गेला, तो रुपरावांच्या डोक्यात मात्र राहिला. त्यांनी अंगणातली टिनाची शेड रिकामी केली. तेल गाळायचं, तापवायचं, त्यात मोजून कॉस्टिक आणि मिथेनॉल मिसळायचं, एक रात्र निवू द्यायचं. सकाळी खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं आणि वर मधासारखं तेल तरंगतं. ते वरचं तेल काढून तीनदा पाण्यानं धुवायचं, पाणी उडेपर्यंत वाळवायचं आणि टाकीत ओतायचं. पहिल्या वेळेला सगळ्याचा साबण झाला. दुसऱ्या वेळेला अर्ध्याचा. तिसऱ्या वेळेला जीपनं एक शिंक दिली आणि चालू लागली. धूर पाव राहिला. उरलेल्या पावाला चिवड्याचा वास होता, आणि दिपाली कुंपणावरून विचारू लागली, "काकू, आज काय तळलं वं?"

सुभद्राबाईंनी हे सगळं पाहिलं आणि मग भाचीच्या साखरपुड्यावरून पैज लावली. लावली म्हणजे सांगितली. त्यांच्या घरी पैज लावण्याची तीच रीत होती.

"जानेवारीत आपल्या दामिनीचं साक्षगंध हाये. मुहूर्त साडेदहाचा. तुमच्या या तेलावर, डिझेलचा एक थेंब न टाकता, साडेदहाच्या आत मले माह्या भावाच्या दारात उतरवा. उतरवलं तं जीप राहिली. नाही तं दुसऱ्या दिवशी सोमवार हाये, भंगारवाला येईन."

"मंजूर," रुपराव म्हणाले. थंडीच्या दिवसांत थोडं डिझेल मिसळावं, हे त्यांना ठाऊक होतं. पण हेड मेकॅनिक माणूस बायकोसमोर 'थोडं' हा शब्द वापरत नाही.

आता हे तेल यायचं कुठून? तर दामिनीच्या होणाऱ्या सासऱ्याकडून. आणि ते सासरे झाले कसे, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

गोपाळरावांचं धरमपेठेत फरसाणाचं दुकान. दुकानाच्या नावापेक्षा त्याखालची पाटी मोठी: 'येथील सर्व पदार्थ लाकडी घाण्याच्या शुद्ध करडई तेलात तळले जातात.' त्यांचा मुलगा अंकित आणि सुभद्राबाईंची भाची दामिनी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात एका वर्गात होती. चार वर्षांत जमिनीचा कस तपासता तपासता दोघांनी एकमेकांचाही तपासला, आणि पसंत केला. अडचण एकच. दामिनीचे वडील महादेवराव.

महादेवरावांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग. माणूस इतका चोख, की एकदा व्यापाऱ्याच्या काट्यात पाव किलोचा फरक निघाला म्हणून त्यांनी भरलेला ट्रक खाली करून घेतला आणि सगळी संत्री नातेवाइकांत वाटून टाकली. नातेवाईक अजून त्या व्यापाऱ्याला दुवा देतात. दुकानदाराच्या घरात मुलगी द्यायची म्हटल्यावर ते म्हणाले, "दुकानदार मापात मारते. माह्याच्यानं होणार नाही."

आठ महिने त्यांच्याच्यानं झालं नाही. शेवटी दामिनी आत्याच्या नवऱ्याकडं, रुपरावांकडं आली. "मामाजी, बाबा फक्त तुमचं ऐकतात."

रुपरावांचं आजकाल कोणीच ऐकत नव्हतं. ते तिथल्या तिथं विरघळले. त्यांनी महादेवरावांना जीपमध्ये घातलं, धरमपेठेत नेलं आणि पाटीखाली उभं केलं.

"वाचा. आजकाल करडईचं तेल कोण वापरते? हा माणूस वापरते. जो तेलात खोटं करत नाही, तो पोरीसंग करन का?"

महादेवरावांनी सातबारा वाचावा तशी ती पाटी वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाले, "ठरवा."

अशी सोयरीक जुळली. दिवाळीत गोपाळरावांच्या कढयांतून निघालेलं आठ पिपे काळं तेल रुपरावांच्या शेडमध्ये आलं. "न्या, रुपरावजी, न्या," गोपाळराव म्हणाले. "आमी एक तेल दोन दिवसांवर कढईत चालवतच नाही." नोव्हेंबरात रुपरावांनी त्याचं बायोडिझेल केलं, जीप सदरला नेली, कामठीला नेली, परत आणली. इंजिन अगदी मऊ बोलत होतं. पेचकस कानाला लावून रुपराव दहा-दहा मिनिटं ऐकत बसत.

साक्षगंधाच्या आठवड्यात नागपूरचा पारा आठावर उतरला. उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंशांना 'एवढं तं चालते' म्हणणारा नागपूरकर आठ अंशांना मात्र हातपाय गाळतो. रस्त्यावर नुसते मफलर चालताना दिसत. रुपरावांनी जीप रात्रभर शेडमध्ये पाणी तापवायच्या बंबाशेजारी ठेवली, पहाटे बंब पेटवला, आणि सहा वाजता पहिल्याच किल्लीला जीप सुरू झाली. सुभद्राबाई शेजारी बसल्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये नवरदेवाची अंगठी; शनिवारीच ती इतवारीतून माप वाढवून आणली होती.

"बसली एकदाची," त्या म्हणाल्या.

"उतरशीन बी," रुपराव म्हणाले.

सदर मागं पडलं, काटोल नाका गेला, कळमेश्वर गेलं. उघड्या जीपमध्ये वारा बाभळीच्या काट्यासारखा घुसत होता. काटोल सहा किलोमीटर राहिलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. सुभद्राबाईंना कळायच्या आधी रुपरावांना कळलं. इंजिनाला तेल पोचत नव्हतं. लहान मूल रिकाम्या बाटलीचं बूच चोखतं, तसा आवाज. जीपनं तीन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीसमोर, जणू चहा प्यायलाच थांबली, अशी उभी राहिली.

पावणेआठ झाले होते.

रुपरावांनी बॉनेट उघडलं, फिल्टर काढला, आणि पाहतच राहिले. फिल्टरमध्ये तेल नव्हतं. पांढरं, घट्ट, मलमासारखं काहीतरी होतं. टाकीचं झाकण काढून बॅटरी मारली. आतही तेच. चाळीस लिटर मलम.

त्यांनी मनातल्या मनात सगळी कृती परत केली. तीनदा धुतलं होतं. वाळवलं होतं. साबण नाही, पाणी नाही. करडईचं तेल तर एवढ्या थंडीत पाण्यासारखं पातळ राहतं. मग हे काय?

टपरीची मालकीण प्रयागबाई हातातलं गाळणं घेऊनच बाहेर आली आणि फिल्टरमध्ये डोकावली.

"लोणी भरून चालले का गा भाऊ?"

"डिझेल आहे ते. तेलापासून केलेलं."

प्रयागबाईनं बोटावर थोडं घेतलं, चोळलं. बोटाच्या उबेनं ते विरघळलं. "पामतेल हाये हे," ती म्हणाली.

"नाही, बाई. करडई आहे. शुद्ध."

"माह्यं बी पामतेलच हाये. या." तिनं टपरीमागचा डबा दाखवला. थेट तोच पांढरा गोळा. "थंडी पडली का असं बसते. म्हणून चुलीपाशी ठेवा लागते. करडई बसत नाही, भाऊ. कोन इकलं तुमाले?"

तिच्या टपरीवर कसलीच पाटी नव्हती, हे रुपरावांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या कुणाला याचं दुःख झालं असतं. रुपरावांना आनंद झाला. चूक त्यांची नव्हती! कृती बरोबर, इंजिन बरोबर, मेकॅनिक बरोबर. चूक पाटीची. त्यांनी पाण्याची एक छोटी बाटली रिकामी केली, चमच्यानं तो पांढरा पुरावा तिच्यात भरला, बूच घट्ट लावलं आणि बाटली जीपमध्ये मागं, सावलीत, वाऱ्यात ठेवून दिली. पुरावा थंड राहायला पाहिजे.

"काय निघालं?" शेकोटीपाशी चहा पीत बसलेल्या सुभद्राबाईंनी विचारलं.

"सांगतो. सगळ्यायसमोर सांगतो."

"अन् जीप?"

"चालते आता."

चालली नाही. गरम पाणी ओतलं की फिल्टर मोकळा व्हायचा, जीप शंभर पावलं जायची आणि टाकीतलं मलम पुन्हा फिल्टरमध्ये येऊन बसायचं. दोनदा ढकलून ती टपरीपाशी परत आणावी लागली. गोधड्या आल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आल्या, सुभद्राबाईंची नवी शाल टाकीभोवती गुंडाळली गेली.

"भाऊ, पंप थो समोर दिसते," प्रयागबाई म्हणाली. "दहा लिटर डिझेल आना कॅनमंदी, वरून नळी जोडा, पाच मिनिटांत चालले जासान."

हे रुपरावांना प्रयागबाईच्या आधी सुचलं होतं. त्यांनी पंपाकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. बायको चहाकडं पाहत होती.

"एक थेंब नाही," रुपराव म्हणाले. "ऊन येऊ दे."

शिवाय साडेदहाचं साक्षगंध म्हणजे साडेबारा, हे सगळ्या विदर्भाला माहीत आहे, असा त्यांनी हिशेब केला. हा हिशेब गोपाळरावांना कोणी कळवला नव्हता. त्यांना संध्याकाळचं गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं, म्हणून नवरदेवाकडची मंडळी इतिहासात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचली होती. महादेवरावांचा फोन साडेनऊला आला, पावणेदहाला आला, दहाला आला. रुपराव प्रत्येक वेळी म्हणाले, "गाडी जराशी बंद पडली. निघालोच." दहाला ऊन टाकीवर आलं. नागपूरकडच्या उन्हानं आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. सव्वादहाला जीप खरंच निघाली.

पंचवीस किलोमीटर रुपरावांनी भाषणाची तयारी केली. 'मंडळी, गाडी काहून बंद पडली, ते सांगतो.' मग बाटली वर करायची. मग पाटीचं नाव घ्यायचं. मध्ये थोडं थांबायचं.

सव्वाअकराला जीप बागेपाशी मांडवासमोर थांबली. दीडशे माणसं तिच्याकडं तोंड करून उभी होती. स्टेजवर अंकित मोकळं बोट घेऊन बसला होता. दामिनी हिरव्या शालूत, डोळे मोठ्ठे. सुभद्राबाई उतरल्या आणि पर्स सांभाळत सरळ स्टेजकडं गेल्या. रुपरावांनी मागची बाटली घेतली. अजून पांढरीच होती.

गोपाळराव रंगात होते. प्रत्येक पाहुण्याच्या हातात त्यांच्या चिवड्याचा डबा दिला जात होता, आणि डब्यावरही 'शुद्ध करडई' छापलेलं.

"या, रुपरावजी, या!" ते मोठ्यानं म्हणाले. "आमचं एवढं हलकं तेल, हृदयाच्या पेशंटले चालते, अन् तुमच्या जीपले नाही पचलं?"

मांडव हसला. महादेवराव हसले नाहीत. त्यांनी आयुष्यात कुणाला साक्षगंधासाठी थांबवलं नव्हतं.

"काहून बंद पडली, भाऊजी?" ते म्हणाले. "तुम्ही तं म्हणले होते, शुद्ध तेल हाये, अडचण येणारच नाही."

हीच ती वेळ. रुपरावांनी बाटली छातीपर्यंत उचलली. तेवढ्यात गोपाळरावांची नजर तिच्यावर पडली. तीस वर्षं तेलात काढलेला माणूस; त्याला बूच उघडून वास घ्यायची गरज नव्हती. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. हातातला चिवड्याचा डबा त्यांनी उलटा केला, छापलेलं खाली जाईल असा.

रुपरावांनी ते पाहिलं आणि भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर आलं. मग त्यांनी महादेवरावांकडं पाहिलं. पाव किलोसाठी ट्रक खाली करणारा माणूस. पामतेलासाठी मांडव खाली करायला त्याला किती वेळ लागेल? आणि स्टेजवरची पोरगी. 'मामाजी, बाबा फक्त तुमचं ऐकतात.' तिनं आठ महिने वाट पाहिली होती. आणि पाटी वाचायला लावणारा, तेल आणि पोरगी एका दमात बोलणारा वकील कोण होता? रुपराव डाखोळे. पाटीचं दुखणं त्यांनी कान लावून कुठं ऐकलं होतं? नुसतं डोळ्यांनी वाचलं होतं. वर्कशॉपात नवा पोऱ्यासुद्धा असं करत नाही.

"माहीच चूक," रुपराव म्हणाले. "थंडीत डिझेल मिसळा लागते. नाही मिसळलं. घमेंड केली. तेलाचा काही दोष नाही."

आणि बाटली त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"पाहा!" कोणीतरी म्हणालं. "म्हातारपणी मेकॅनिकचा हात चुकते."

हे रुपरावांना पेचकसाच्या टोकासारखं लागलं. सुभद्राबाईंनी स्टेजवरून एकदा त्यांच्याकडं वळून पाहिलं आणि पर्स उघडली.

भटजींनी घाई केली, कारण त्यांना दुपारी दुसरं साक्षगंध होतं. अंगठ्या झाल्या, साड्या झाल्या, साखर वाटली गेली, फोटोवाल्यानं सगळ्यांना तीन-तीनदा हसवलं. रुपराव कोट घालून मांडवाच्या खांबापाशी उभे होते. सगळं आटोपल्यावर महादेवराव सरळ त्यांच्यापाशी आले. मागोमाग गोपाळराव आले. ते न येते तरच नवल.

"भाऊजी, मघाशी हातात बाटली होती. काय हाये तिच्यात?"

"ते... जीपचं तेल."

"पाहू द्या."

चोख माणसापासून खिसा लपवता येत नाही. रुपरावांनी कोटात हात घातला. गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले.

बाटली बाहेर आली. वीस मिनिटं छातीशी राहिलेली. उन्हात धरली, तर आत पातळ, लख्ख, पिवळंधमक तेल. त्यातून महादेवरावांची अख्खी बाग दिसत होती.

महादेवरावांनी ती हलवली, उजेडात फिरवली. "वा! सोनं हाये हे तं. वापरलेलं तेल असं, तं ताजं कसं असन! गोपाळराव, मानलं तुम्हाले." आणि त्यांनी गोपाळरावांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली गोपाळराव दोन इंच खाली गेल्यासारखे वाटले.

जेवणानंतर हात धुवायच्या ड्रमपाशी गोपाळरावांनी रुपरावांना गाठलं. बराच वेळ ते हातच धूत होते.

"पाटी आमच्या बाबूजीच्या टाइमची हाये, रुपरावजी," ते शेवटी म्हणाले. "तवा खरी होती. आता करडईत तळलं तं शेव कोनाले परवडन? काढाव म्हणतो, तं लोक म्हणतीन, आजवर खोटं होतं का? खरं बोलायले लागलं का मागचं सगळं उघडं पडते. म्हणून राहून गेली."

"मले काहून सांगता? मी गाड्यायचा मेकॅनिक आहो, पाट्यायचा नाही."

"मग सांगितलं काहून नाही तिथं?"

रुपरावांनी हात पुसले. "तेल तुमचं उन्हाळ्यात चांगलं हाये. मार्चपासून न्यायले येईन." एवढं बोलून त्यांना आठवलं, की मार्चमध्ये नेऊन ओतायचं कशात? उद्या तर सोमवार.

निघताना चिवड्याचे उरलेले डबे गोपाळरावांनी परत गाडीत भरायला लावले. रंगाऱ्याचा नंबर आहे का, असंही ते ड्रायव्हरला विचारत होते.

परतीच्या वाटेवर ऊन चांगलं तापलं होतं आणि जीप लाजल्यासारखी सुरेख चालत होती. काटोल मागं पडलं.

"बाटलीतलं पांढरं होतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"थंडी होती."

"हूं."

आणखी चार किलोमीटर गेले.

"हारलो मी," रुपराव म्हणाले. "उद्या देऊन टाक. औजारं काढून घेतो सकाळी."

सुभद्राबाई रस्त्याकडं पाहत होत्या. "त्यायचा चिवडा खाल्ला का टाळूले मेण लागल्यासारखं होते. करडईचं असं होत नाही. पहिल्या डब्यालेच समजलं मले."

जीप थोडी वाकडी गेली. "तुले माहीत होतं? अन् बोलली नाही?"

"दामिनीले अंकितसंग नांदायचं हाये. चिवड्यासंग नाही."

"अन् मी आठ पिपे आणून राहिलो, तवा तरी सांगा लागत होतं!"

"तुम्ही कुठं विचारलं? तुम्ही पाटी वाचली."

रुपरावांनी गिअर बदलला, गरज नसताना.

सोमवारी नऊ वाजता भंगारवाला हातगाडी आणि दोन माणसं घेऊन आला. रुपराव आत औजारांची पेटी पुसत बसले होते. बाहेर जायचा त्यांना धीर होईना. खिडकीतून आवाज येत होता.

"बाई, गाडी घ्यायले आलो."

"द्यायची नाही."

"काहून? तुम्हीच तं बोलावलं."

"बोलावलं होतं."

"मग आता सुधरली का ते?"

सुभद्राबाईंनी एकदा जीपकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "गाडी तशीच हाये."

भंगारवाल्याला यातलं काही समजलं नाही, पण त्याला रिकाम्या हातानं लावणं सुभद्राबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला गच्चीवरचा गंजलेला कूलर दिला, आणि उन्हाची ती जागा गेली ती गेलीच म्हणून, कुरड्या वाळवायची लोखंडी खाटही दिली. तिघं मिळून सामान ढकलत गल्लीच्या टोकाशी गेले.

रुपराव बाहेर आले. त्यांनी पोतं पसरलं, पेचकस घेतला आणि जीपच्या खाली शिरले.

खाली काम काहीच नव्हतं. तरी अर्धा तास ते बाहेर आले नाहीत.